८ बाथचं युनिट

बँकॉकमधला पाचवा महिना. सकाळी दाराखालून बिल सरकवलेलं. भाडं ठरल्याप्रमाणे, पण वीज युनिटला ८ बाथ! सरकारी दर ४ च्या आसपास, वरचे सगळे मालकीणबाईंच्या खिशात. करारात होतं म्हणे. असेलही, करार थाईत होता आणि मी सही ठोकून मोकळी. तिरीमिरीत एसी बंद केला. दहा मिनिटांत घामाच्या धारा. बचत वगैरे ठीक आहे, पण एप्रिल आहे हो!

बाहेर पडले. स्कायट्रेनला फाटा देऊन रामखामहेंगहून सेन सेप कालव्यातली बोट धरली, तिकीट फारच स्वस्त. १८३७ मध्ये खणायला घेतलेला हा कालवा, तेव्हा सैन्य न्यायला. आता ऑफिसची गर्दी वाहतो. हेल्मेट घातलेली कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या काठावरून, दोराला धरून चालत तिकिटं देते. बघताना माझ्याच पोटात गोळा येतो.

समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घ्यायचा. आज कडेला मी. डोक्यात युनिटांचा गुणाकार, दोरी राहिलीच! काळं पाणी मागच्या आजींच्या मांडीवर. मी हात जोडले. आजींनी चकार शब्द न काढता दोरी माझ्या हातातून काढून घेतली आणि प्रतुनामपर्यंत सोडली नाही.

येताना गल्लीतल्या मशीनमध्ये १ बाथचं नाणं टाकून लिटरभर पाणी भरून आणलं. एसी? चालू आहे. १८ वर.