डोंगराच्या पायऱ्या आणि गुरांची वाट

खुलताबादहून सुलिभंजनकडे आणि तेथून म्हैसमाळच्या पठाराकडे जाणाऱ्या पायवाटांवर मी गेली सहा वर्षे धावत आले आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 568 मीटर उंचीवर वसले आहे आणि म्हैसमाळ सुमारे 1067 मीटरवर. म्हणजे जवळजवळ 500 मीटरची चढाई शहराच्या अगदी उशाला आहे. तरीही आमच्याकडची धावणारी बहुतेक मंडळी पहाटे डांबरी रस्त्यावर त्याच त्या फेऱ्या मारत राहतात, याची मला मनापासून हळहळ वाटते. मराठवाड्यात डोंगर नाहीत आणि रान नाही, हा समज इतका घट्ट बसला आहे की जे डोळ्यांसमोर आहे त्याकडेही आपण पाहत नाही.

या डोंगरांवर धावायचे असेल, तर आधी त्यांची ठेवण कळली पाहिजे. सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यांतले काही कठीण राहिले, काही ठिसूळ झाले. ठिसूळ थर झिजून आडव्या सपाट्या तयार झाल्या आणि कठीण थर उभ्या कपारी होऊन उरले. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात आणि तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलेला आहे. मला मात्र ही रचना पुस्तकाच्या आधी आमच्या शेतातल्या विहिरीत दिसली होती. वडील विहीर खोदून घेत असताना वर मुरूम लागला, मग पहारीने निघणारा मांजऱ्या म्हणजे ठिसूळ खडक, मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण, आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या. सुलिभंजनच्या उतारावर पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा वाटले, हा तर आमच्याच विहिरीचा काठ आहे, फक्त आतला भाग बाहेर आलेला.

याचा धावण्याशी संबंध असा, की येथला चढ एकसारखा नसतो. बराच वेळ जवळजवळ सपाट जमीन मिळते, मग एकदम छातीवर येणारा टप्पा, मग पुन्हा सपाटी. एकाच वेगाचा हट्ट धरणारा माणूस दुसऱ्या टप्प्यालाच धापा टाकू लागतो. मी सपाटीवर धावते आणि उभा टप्पा गुडघ्यांवर हात ठेवून चालत चढते. तीव्र चढावर चालण्याला धावण्यापेक्षा कमी शक्ती लागते, त्यामुळे त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उतारावरचे काम वेगळे असते: तेथे मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात. म्हणूनच डोंगर चढून आल्यापेक्षा उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी पाय अधिक दुखतात.

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा घेतला, त्यावर पेन्सिलीने सरळ रेघ ओढली आणि त्या रेघेने धावत निघाले. या नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारणपणे 20 मीटर उंचीच्या अंतराने असतात, त्यामुळे 8–10 मीटरची उभी कपार दोन रेषांच्या मध्ये सहज हरवते. ऐन सकाळी मी अशाच एका कपारीच्या काठावर येऊन थांबले. खाली शेत दिसत होते, शेतातली विहीर दिसत होती, उतरायला मात्र जागा नव्हती. जवळच शेळ्या चारणारे एक वयस्क गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. ते म्हणाले, ‘ताई, इकून उतरायला वाट नाही. त्या सालईपासून गुरं उतरतात, तिकून जा.’ ‘बाबा, सालई म्हणजे कोणती?’ असे मी विचारले, तेव्हा त्यांनी काठीने पांढुरक्या, पापुद्रे सुटणाऱ्या खोडाचे झाड दाखवले. त्या झाडाखालून कपारीला एक खांड पडलेली होती आणि तिच्यातून खुरांनी झिजलेली वाट अलगद खाली गेली होती.

तेव्हापासून मी मार्ग आखताना नकाशा नंतर उघडते आणि गुरांची वाट आधी शोधते. गुरे टप्प्यावर सरळ चढत नाहीत. ती सपाटी धरून आडवी जातात आणि जेथे खडक फुटला आहे तेथेच वर किंवा खाली जातात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी खूर पडल्यामुळे तेथली माती दबलेली असते, दगड बसलेले असतात आणि वाट बहुधा पाण्यापर्यंत पोहोचते. सुलिभंजनला परियों का तालाब आहे आणि तिकडे जाणाऱ्या वाटा पाहिल्या की हे लगेच ध्यानात येते. धावणाऱ्याला याहून चांगला आखणीकार मिळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

अर्थात वाट तीच असली तरी ऋतूप्रमाणे ती बदलते. पाऊस पडून गेल्यावर पायथ्याच्या काळ्या रानातून धावणे शक्यच नसते. चिखल बुटाला थरावर थर चिकटतो आणि शंभर पावलांत पाय उचलेनासा होतो. वरच्या मुरमाड जमिनीतून मात्र पाणी लवकर निचरून जाते. म्हणून श्रावणात मी गाडीने वर जाते आणि पठारावरच धावते. श्रावणातल्या शनिवारच्या पहाटे खुलताबादच्या रस्त्याला लागावे, तर शहरातून रात्रभर पायी चालत भद्रा मारुतीच्या दर्शनाला आलेली माणसे भेटतात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या पायांत साध्या चपला असतात आणि दौलताबादचा घाट ते बोलत बोलत चढून आलेले असतात. लांब पल्ल्याची सवय आपल्या मातीला नवी नाही, हे मला त्यांच्याकडे पाहून दरवेळी जाणवते.

भाद्रपद-आश्विनात गवत कमरेपर्यंत येते आणि खरी काळजी तेव्हाच घ्यावी लागते. पाणी जिरावे म्हणून डोंगरउतारांवर खणलेले समतल चर या गवताखाली पूर्ण झाकून जातात. तीन वर्षांपूर्वी उतारावरून वेगात येताना माझा पाय अशाच एका चरात गेला, घोटा मुरगळला आणि सहा आठवडे मला घरी बसावे लागले. चर उतारावर आडवे असतात आणि गुरांची वाट त्यांना बुजलेल्या जागीच ओलांडते. त्या दिवशी मी घाईत वाट सोडली होती.

गवत पिकले की कुसळे सुरू होतात. एकदा मी एक कुसळ मोज्यातून काढून तळहातावर घेऊन निरखले. टोक सुईसारखे, त्यामागे उलट्या दिशेचे बारीक केस, आणि मागे दोरीसारखी पीळ पडलेली काळसर शेपटी. बाटलीतल्या पाण्याचा थेंब तिच्यावर सोडला, तशी ती हळूहळू उलगडत फिरू लागली. बी स्वतःला जमिनीत रुतवण्यासाठी जी युक्ती वापरते, तीच घामाने ओल्या झालेल्या मोज्यातही चालते. म्हणूनच कुसळ ओढले तर येत नाही. मोजा उलटा करून ते पुढच्या बाजूने काढावे लागते. मी आता त्या दिवसांत पोटरीवर घट्ट कापडी पट्टी बांधते.

उन्हाळ्याच्या तोंडावर वन विभाग वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढतो. गवत नसलेल्या त्या पट्ट्यांवर पाऊल कोठे पडते ते स्वच्छ दिसते. फाल्गुनात पळस फुललेला असताना तेथून धावण्यासारखे सुख नाही, मात्र दीड लिटर पाणी पाठीवर असल्याशिवाय आणि ऊन चढण्याआधी परतायचे ठरवल्याशिवाय निघू नये.

कन्नडच्या गौताळा अभयारण्याबद्दल मला नेहमी विचारले जाते. सुमारे 260 चौरस किलोमीटरचे ते रान 1986 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत तेथे पोहोचला होता. बिबट्याचा वावर तर तेथे नेहमीचाच आहे. तेथे रीतसर प्रवेश घेऊन, ठरलेल्या मार्गाने, दिवसाउजेडी चालावे. धावण्याची ती जागा नव्हे. खुलताबादच्या बाजूलाही मी सूर्य वर आल्यावर आणि मैत्रिणीला सोबत घेऊनच निघते. कळप दिसला की दोघीही थांबतो, कळपासोबतच्या कुत्र्यांच्या मालकाला हाक मारतो आणि जनावरे पुढे गेल्यावरच हलतो.

सध्या माझ्या मनात एक सपाटी आहे. सुलिभंजनच्या खालच्या अंगाने ती वेरूळच्या दिशेने आडवी जाते, जेथे येळगंगा लेण्यांवरून खाली उडी घेते. शेळ्यांवाल्या बाबांच्या सांगण्याप्रमाणे गुरे त्या सपाटीवरून बरीच लांब जातात. मध्ये दोन ओढे लागतात आणि दुसऱ्या ओढ्याच्या पलीकडे वाट वर वळते. कार्तिकात गवत कापून झाले की लेण्यांच्या हद्दीच्या अलीकडेच वळून येण्याचे ठरवून आम्ही दोघी आधी ती चालून पाहणार आहोत.