संपादकांना पत्र

"मी खुनी नाही."

शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी संपादकांना लिहिलेल्या पत्राचं हे पहिलं वाक्य. पेन्सिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय, आणि नेमका आत्ताच इथल्या पेपरात एनआरएवर, म्हणजे बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी लॉबिंग करणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनवर, सणसणीत अग्रलेख आला. पत्र दीडशे शब्दांत बसवून हवं म्हणून ते माझ्याकडे आले. (इंग्रजी त्यांची मातृभाषा. असो.)

म्हटलं, तुम्हाला खुनी कुठे म्हटलंय? टीका संघटनेवर आहे.

"वर्गणी मी भरतो ना? मग टीका माझ्यावरच."

हे काही डोक्यातून जाईना. लॉबीला लावलेला बोल माणूस स्वतःच्या अंगावर घेतो, की मुद्दा राहतो बाजूला. डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने १९२० नंतर पहिल्यांदाच पहिल्या पानावर अग्रलेख छापला, बंदुकांवर निर्बंध आणा म्हणून. एरिक एरिक्सन या उजव्या भाष्यकाराने त्यावर गोळ्या झाडल्या आणि भोकं पडलेल्या पानाचा फोटो टाकला. त्यापेक्षा हे पत्र लाख पटीनं बरं!

गंमत म्हणजे १८७१ मध्ये एनआरए काढणाऱ्यांपैकी विल्यम चर्च स्वतः पत्रकार होते, टाइम्सचे बातमीदारही राहिलेले.

पत्रात शेवटी एक वाक्य होतं: बंदूक विकण्याआधी प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासायला माझी हरकत नाही. शब्द जास्त झाले म्हणून ते नेमकं हेच खोडायला निघाले. मी म्हटलं, हे राहू द्या, पहिलं काढा.

नाही ऐकलं. तुम्ही कुठलं वाक्य खोडलं असतं?