दार बंद करायची सोयच नाही

इंदूरला कोणाला सांगितलं की मी सायकॉलॉजिस्ट आहे आणि देपालपूरकडच्या गावांमध्ये काम करते, तर पहिला प्रश्न ठरलेला, मालवी येते का गं तुला? येते की, कामापुरती. पण भाषा जमते हो हळूहळू, खरी कसरत असते ती गोष्ट गुप्त ठेवायची. कॉलेजात शिकवतात बंद खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि गावात दार लावलं की लगेच गल्लीभर खबर, अमक्याच्या सुनेला काहीतरी झालंय.

मग आडोसा चारचौघांतच शोधायचा. टीकाकरणाच्या दिवशी बाई बाळाला घेऊन अंगणवाडीत आली तर कशाला गेली होतीस असं कोणी विचारत नाही, तिथेच कोपऱ्यात बोलायचं आणि सासू डोकावली की विषय बाळाच्या वजनावर न्यायचा (हे कुठल्या सिलॅबसमध्ये नाही). चक्कर, घबराहट, छातीत भार, बायका असंच सांगतात, तर आधी हिमोग्लोबिन बघून घ्यायचं, सगळंच मनाचं नसतं.

आशाताईंशिवाय तर पानही हलत नाही. सिहोर जिल्ह्यात आशांना डिप्रेशनसाठी बोलून उपचार करायचं ट्रेनिंग दिलं गेलंय, मला ते एकदम पटतं. फक्त ताई त्याच गावची सून, कोणाची जाऊ कोणाची वहिनी, म्हणून तिला काय सांगायचं ते मी आधी पेशंटलाच विचारते.

आणि शेतीचं कळायलाच हवं. सोयाबीन पाण्यात गेलं की काय होतं हे माहीत नसेल तर घरात कीटकनाशक कुठे ठेवता, हा प्रश्न सुचतच नाही, आणि तो सरळ विचारावाच लागतो. मरायचे विचार येतात का असं विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस बोलतो. मग ते कीटकनाशक कुलपात आणि चावी दुसऱ्या कोणाकडे, एवढं त्याच दिवशी करून घ्यायचं. कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला तर घरचे लोक पोलीस केसच्या भीतीने लपवतात, त्यांना 2017 चा मेंटल हेल्थकेअर अॅक्ट समजावायचा, की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणात होता असंच कायदा धरून चालतो, शिक्षेची भाषा नाही.

टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फ्री आहे, चोवीस तास चालतो, मी सगळ्यांना देते. पण बऱ्याच घरात फोन नवऱ्याच्या खिशात असतो, म्हणून नंबर द्यायच्या आधी विचारते, फोन तुझ्या हातात कधी असतो?