पाच सेंटिमीटर तांबं

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये पहिला कंट्रोलर फुटला, तेव्हा आवाज लवंगीपेक्षा मोठा आणि सुतळी बॉम्बपेक्षा लहान होता. शेजारच्या प्रेस शॉपमधले दोघं डोकावून गेले. चौथा फुटला तेव्हा कुणी मानही वर केली नाही.

काम होतं मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकीच्या मोटरचा कंट्रोलर बनवण्याचं. बॅटरी 48 व्होल्टची म्हणायची, पण आत 13 सेल एकापुढे एक, म्हणजे पूर्ण चार्जला 54.6 व्होल्ट. मॉसफेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, मी 80 व्होल्ट सोसणारे निवडले. वर 25 व्होल्टची मोकळीक आहे, पुष्कळ झाली, असा माझा हिशोब. शंभरवाले घ्यावेत असं सर म्हणाले होते. मीच दर दाखवून त्यांना गप्प केलं होतं.

मोटर रिकामी फिरायची, 20 अँपिअरला फिरायची, 40 लाही. साठच्या पुढे गेलं की काही मिनिटांत धडाम. एका लेगमधले, म्हणजे मोटरच्या एका वायरला बॅटरीच्या प्लस-मायनसशी जोडणाऱ्या जोडीतले, वरचे-खालचे दोन्ही मॉसफेट जायचे आणि जाताना त्यांना चालू-बंद करणारी चिप, गेट ड्रायव्हर, तीही घेऊन जायचे.

माझा पहिला संशय डेडटाइमवर. वरचा बंद होऊन खालचा चालू होईपर्यंत दोघांनाही जी सक्तीची विश्रांती द्यावी लागते ती कमी पडली, तर बॅटरी सरळ शॉर्ट होते. अर्धा मायक्रोसेकंद होता तो एक केला. पुन्हा फुटला. फरक एवढाच पडला की आता कमी वेगाला मोटर गुरगुरायला लागली. मग सॉफ्टवेअरवाल्याशी दोन दिवस भांडले. त्याची चूक नव्हती, हे त्याला सांगायला मी आणखी आठवडा लावला.

व्होल्टेजचा आलेख दाखवणारा स्कोप लावला होता की! पण त्यावर इतकं रिंगिंग, म्हणजे व्होल्टेजची थरथर, दिसायचं, टोक एकशे दहाच्याही वर, की ते खरं आहे यावर माझाच विश्वास बसेना. आणि ते खरं नव्हतंच, निदान सगळं नव्हतं. प्रोबच्या ग्राउंडची ती मगरचिमटीवाली वीतभर वायर स्वतःच एक लूप असते आणि आजूबाजूचा गोंगाट गोळा करते. आमच्याकडच्या जुन्या टेक्निशियनदादांनी चिमटी काढून टाकली, प्रोबच्या टोकाला छोटी स्प्रिंग चढवली आणि ती थेट मॉसफेटच्या सोर्सवर टेकवली. म्हणाले, "आता बघा मॅडम."

रिंगिंग जवळजवळ गेलं. उरलं एक टोक, आणि त्या टोकाचं डोकं चपटं होतं. 92 व्होल्टला कुणी पाटा फिरवावा तसं. ते चपटं डोकं बघून माझ्या पोटात गोळा आला. मॉसफेट व्होल्टेज सहन न होऊन अ‍ॅव्हलांचमध्ये जात होता, स्वतःच्या अंगावर घेऊन ते तिथे रोखून धरत होता. एखाद्या वेळी चालतं. पण आमचं स्विचिंग 16 किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 16 हजार वेळा हा मार.

हिशोब पाचवीतला आहे आणि मी तो केलाच नव्हता. 100 अँपिअर 50 नॅनोसेकंदांत तोडले, म्हणजे नॅनोसेकंदाला 2 अँपिअर. इंडक्टन्स म्हणजे करंट अचानक तोडला की व्होल्टेज उसळवणारा वाटेचा गुण; तो वाटेत 20 नॅनोहेन्री असला तरी 40 व्होल्ट वर चढतात. 54 अधिक 40. आणि हे 20 नॅनोहेन्री आले कुठून? डब्याची उंची बसेना म्हणून मी कपॅसिटर, मॉसफेटना लागेल तसा झटपट करंट पुरवणारे, वेगळ्या बोर्डवर ठेवले होते आणि ते पाच-पाच सेंटिमीटरच्या तांब्याच्या दोन पट्ट्यांनी जोडले होते. सर्किटच्या चित्रात ती नुसती रेघ होती.

मग डबल पल्स टेस्ट, म्हणजे मोटरऐवजी कॉइल लावून क्षणभराचे दोनच पल्स देण्याची चाचणी, जी आधीच करायला हवी होती. तपकीर गल्लीतून जाड वायर आणली, चार इंची पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर 14 वेढे घातले. साधारण 20 मायक्रोहेन्रीची कॉइल तयार. गाभ्याला लोखंड नाही, त्यामुळे सॅच्युरेट होण्याची, म्हणजे करंट वाढला की इंडक्टन्स कोसळण्याची, भानगड नाही. 54 व्होल्टवर पहिला पल्स 37 मायक्रोसेकंदांचा दिला की करंट बरोबर शंभरावर जातो. तिथे तोडायचं आणि टोक बघायचं. गरम व्हायला वेळच मिळत नसल्याने काही फुटत नाही, आणि मोटरही लागत नाही.

मॉसफेट किती झटकन उघडझाप करेल ते ठरवणारा गेट रेझिस्टर 3.3 ओहमचा 15 केला, टोक खाली आलं. पण स्विचिंग मंदावल्याने हीटसिंक तापू लागला. एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगतं. शेवटी बोर्डच नव्याने काढला: प्लस आणि मायनसचे थर एकावर एक, प्रत्येक लेगच्या पायाशी सिरॅमिक कपॅसिटर, त्यामागे इलेक्ट्रोलिटिकची रांग. ही रांगही आता लांबलचक होती, कारण त्यांना सोसावा लागणारा रिपल करंट, म्हणजे सतत आत-बाहेर होणारा करंट, मोटरच्या वायरमधल्या फेज करंटच्या साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत जातो, आणि मी पूर्वी नुसते मायक्रोफॅरड मोजले होते. मॉसफेट 100 व्होल्टचे. सर काही बोलले नाहीत, नुसतं खरेदीच्या ऑर्डरवर, पीओवर, सही करून दिली. टोक 69 व्होल्टला थांबलं. रेझिस्टर परत 6.8 वर आणता आला.

एवढं झाल्यावर गाडी दिवे घाटात नेली. चढ पोत्यांसकट झाला. सासवडला जेवलो, तोवर ड्रायव्हरमामांनी एका ओळखीच्या दुकानात चार्जिंगला लावली. फुल्ल. आम्ही खूश, आणि परतीच्या उतारावर रिजेन चालू, म्हणजे मोटरच ब्रेक लावते आणि त्यातली वीज बॅटरीत परत भरते.

भरलेल्या बॅटरीत आणखी कुठे भरणार? दुसऱ्या वळणाआधी बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने, बीएमएसने, चार्जिंगची वाट तोडली, कंट्रोलरला येणाऱ्या प्लस-मायनसचं, म्हणजे डीसी बसचं, व्होल्टेज उसळलं, ओव्हरव्होल्टेज फॉल्ट आला आणि मोटरचा ब्रेक एका क्षणात नाहीसा झाला. मामांचा पाय हायड्रॉलिक ब्रेकवर होताच. गाडी कडेला घेऊन ते म्हणाले, "तुमची गाडी ऐन उतारावर हात सोडते की हो, ताई."

कंट्रोलर फुटला नव्हता; शंभरवाल्यांनी तेवढं झेललं. पण आता 53 व्होल्टपासून रिजेन हळूहळू कमी करत 54 ला शून्यावर आणतो, म्हणजे बीएमएसला दार आपटायची वेळच येत नाही आणि मामांनाही ब्रेक जातोय हे आधीपासून पायाला कळतं. पुढच्या फेरीला आम्ही मुद्दाम फुल्ल चार्ज करून उतरलो. मामा मात्र अख्खा घाट ब्रेकवरून पाय न काढता आले.