इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक डे: फोन, जीपीएसची डबी आणि लॅप टायमिंग

पुण्याहून चेन्नईच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली मोटरसायकल चालवायच्या दिवसाला, जायचं तर रस्ता शोधावा लागत नाही. वारज्यावरून साताऱ्याकडे जाणारा एनएच ४८ धरायचा. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत तोच हायवे श्रीपेरुंबुदूर ओलांडून इरुंगट्टुकोट्टईला आणून सोडतो. अंतर साधारण अकराशे-साडेअकराशे किलोमीटर. आम्ही तिघांनी मिळून पिकअप ठरवला, मागे तीन मोटरसायकली रॅचेट पट्ट्यांनी उभ्या बांधल्या आणि वाटेत एक मुक्काम केला. गाडी चालवत जाण्याचा मोह टाळा. एवढ्या हायवेवर टायर मधोमध सपाट होतो, तुम्ही दमून पोहोचता, आणि ट्रॅकवर पडलात तर गाडी परत कशी आणणार? शिवाय आपल्या नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणजे ट्रॅकवरची मोडतोड खिशातूनच.

ट्रॅकचं आताचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट, पण सगळे अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं १२. वळणांना सी-१, सी-२ असे नुसते क्रमांक आहेत आणि ब्रीफिंगमध्ये सगळं त्याच भाषेत चालतं, तेव्हा आदल्या रात्री नकाशा पाठ करून जा.

या खेपेला आमचा एक वेगळा उद्योग होता. आमच्या ३९० सीसीच्या गाड्यांचे लॅप, म्हणजे ट्रॅकच्या पूर्ण फेऱ्या, दोन मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास येऊन अडकले होते. वेळ नेमका कुठे जातोय ते बघायचं होतं. म्हणून नुसता फोन, जुना १० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला दहा वेळा जागा सांगणारा) जीपीएस रिसीव्हर गार्मिन ग्लो आणि २५ हर्ट्झची जीपीएसची डबी रेसबॉक्स मिनी असं सगळं घेऊन गेलो. लॅप मोजायचं अ‍ॅप म्हणून रेसक्रोनो. हॅरीज लॅपटायमरही चांगलं आहे, पण तिघांनी एकच अ‍ॅप वापरलं की संध्याकाळी लॅप एकमेकांवर ठेवून बघता येतात.

फोनचा स्वतःचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच जागा सांगतो. ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. तेवढ्या अंतरात फोनकडे एक ठिपका, १० हर्ट्झच्या रिसीव्हरकडे दर ४ मीटरला एक, २५ हर्ट्झच्याकडे दर १.६ मीटरला एक. यावरून सगळे म्हणतात की फोनचा लॅप टाइम अगदीच कुचकामी. तसं नाही. स्टार्ट लाइनच्या अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका घेऊन अ‍ॅप मधली वेळ हिशेबाने काढतं. त्या जागी गाडी सरळ आणि जवळपास एकाच वेगात असेल, तर त्या हिशेबात फार थोडी चूक होते. आमच्या तुलनेत फोन आणि डबी यांच्यात एक-दोन दशांश सेकंदांचा फरक पडत होता, कधी इकडे, कधी तिकडे. शर्यत लढवायची असेल तर हा फरक मोठा, पण ट्रॅक डेला चालून जातो.

फोन उघडा पडतो तो ब्रेकिंगमध्ये. १४४ वरून ७० वर यायला जोरात ब्रेक लावले तर अडीच-तीन सेकंद लागतात, म्हणजे फोनच्या नोंदीत दोन-तीन ठिपके. त्यात ब्रेक कुठे लावला, कुठे सोडला, वळणात सर्वांत कमी वेग किती होता, काहीच कळत नाही. अरुंद वळणाचा तर चक्क त्रिकोण होतो. डबीसाठी पैसे मोजायचे ते या भागासाठी. नुसता लॅप टाइमच हवा असेल तर फोन पुरे.

अचूकतेची दुसरी बाजूही समजून घ्या. ही डबी तुमची जागा एक-दोन मीटरच्या फरकाने सांगते. आपली गगन प्रणाली तिला दुरुस्त्या पुरवते, तरीही. मग लॅप टाइम इतका जुळतो कसा? वातावरणामुळे येणारी चूक सावकाश सरकते. दोन मिनिटांच्या अंतराने तुम्ही रेषा ओलांडता तेव्हा दोन्ही वेळा जागा जवळपास सारखीच चुकलेली असते, आणि वजाबाकीत ती निघून जाते. पण सकाळची आणि दुपारची लाइन, म्हणजे गाडी ट्रॅकवरून गेली ती वाट, उपग्रहाच्या चित्रावर ठेवून “मी अर्धा मीटर आतून गेलो” असले निष्कर्ष काढू नका. एका चित्रात तर आमचा मित्र अख्खा लॅप गवतातून गेलेला दिसत होता. वेगाचा आलेख बघा, तो भरवशाचा असतो.

स्टार्ट लाइन अ‍ॅपमध्ये आयती मिळते, तरी तपासून घ्या. रेषा ट्रॅकला काटकोनात हवी, वेग जास्त असेल अशा जागी हवी, आणि तिचं टोक पिट लेनमध्ये (ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात तिथली वाट) शिरलेलं नको. नाहीतर पिटमधून जाताना उगाच लॅप मोजला जातो. वेगवान जागा का, तर एक मीटरची चूक ताशी १४४ ला ०.०२५ सेकंदाची होते आणि ताशी ३६ ला ०.१ सेकंदाची.

डबी लावायची जागा शेपटीवर, मागच्या सीटच्या प्लॅस्टिक कव्हरवर, आडवी आणि तोंड आकाशाकडे. टाकीवर लावली तर तुम्ही वाकलात की छातीखाली झाकली जाते. कार्बन फायबरच्या शेपटीखाली लपवू नका, तो सिग्नल अडवतो. गाडी ४५ अंशांत कललेली असताना अँटेनाची एक बाजू जमिनीकडे वळते आणि तिकडचे उपग्रह सुटतात, म्हणून मुळातच तिरपी लावली तर एकाच हाताच्या वळणांत नोंद बिघडते. चिकटवायला थ्री-एमचं ड्युअल लॉक वापरा, साधं वेल्क्रो नको. आधी जागा स्पिरिटने पुसा, आणि वरून एक बारीक दोरी सबफ्रेमला बांधा. स्क्रुटिनी, म्हणजे ट्रॅकवर जाण्याआधीची गाडीची तपासणी, करणाऱ्याने आमची डबी हाताने ओढून बघितली, दोरी दिसल्यावरच मान हलवली.

फोन हँडलवर लावायचा नाही. बरेच आयोजक परवानगी देत नाहीत, आणि दिली तरी स्क्रीनकडे बघत सी-१ मध्ये शिरायची हौस कशाला? शिवाय मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. सूटच्या खिशात ठेवला तर घामाने भिजतो, आणि तुमचं शरीर ब्लूटूथच्या आड येऊन नोंद तुटते. आम्ही फोमच्या तुकड्यात गुंडाळून सीटखाली ठेवला, डबीच्या अगदी जवळ. याहून सोपं म्हणजे स्वतःची मेमरी असलेली रेसबॉक्सचीच मिनी एस; मग फोन पिटमध्येच राहतो.

फोनच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी कराच. अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर काही अँड्रॉइड फोन अ‍ॅपच मारून टाकतात. विमान मोड लावून फक्त ब्लूटूथ चालू ठेवा, म्हणजे मधेच फोन वाजत नाही. आणि अ‍ॅपमध्ये दाखवलेला हर्ट्झचा आकडा बघा. १ दिसत असेल तर अ‍ॅप डबीला सोडून फोनचाच जीपीएस घेतंय. आयफोनवाल्यांनी जुना ब्लूटूथ रिसीव्हर सेकंडहँड घेताना तो आयफोनला चालतो का, हे आधी जोडून बघावं. स्वस्तातले पुष्कळसे अँड्रॉइडपुरतेच असतात.

डबी पिट गॅरेजच्या छताखाली चालू करून थेट ट्रॅकवर जाऊ नका. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि ती पूर्ण मिळायला मोकळं आकाश लागतं. आपला गट पुकारायच्या पाच मिनिटं आधी गाडी बाहेर उन्हात काढा, तेवढ्यात सगळं जुळतं. ट्रॅकवर गेल्यावर मात्र टायमर विसरायचा. झेंडे बघायचे.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मित्राचे दोन लॅप एकावर एक ठेवले. एका लॅपमध्ये त्याने लांब सरळीआधीच्या वळणाला चांगला दहा-बारा मीटर उशिरा ब्रेक मारला होता. तिथे एक दशांश सेकंद कमावलाही होता. पण पुढे वळणात त्याचा वेग ५८ पर्यंत खाली आला, आधीच्या लॅपला तो ६४ होता. थ्रॉटल उघडायला उशीर झाला आणि सरळीच्या शेवटी जवळपास अर्धा सेकंद गेला. गडी शपथेवर सांगत होता की तो लॅप सगळ्यात वेगवान होता. अंगात येतं तेव्हा असंच वाटतं. पुढच्या सेशनला त्याने ब्रेक जुन्याच जागी लावला, फक्त सोडताना हळूहळू सोडला, आणि तिथल्या तिथे वेळ उतरली. लॅप बघताना आधी वळणातला किमान वेग आणि त्यानंतरच्या सरळीचा शेवट बघावा, ब्रेकिंग पॉइंट त्यानंतर.

उन्हाचं म्हणाल तर जानेवारी-फेब्रुवारी बरा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमीचा पाऊस असतो आणि एप्रिलनंतर लेदर सूटमध्ये उकडून निघाल. अ‍ॅपलच्या हिशेबाने आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा. काळ्या सीटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं, म्हणून सेशन संपल्यावर लगेच बाहेर काढा, कव्हर काढून सावलीत ठेवा, पण थेट बर्फाच्या डब्यात नको. तुमच्यासाठी शहाळी आणि ओआरएस. राहायला श्रीपेरुंबुदूरला कारखान्यांच्या पाहुण्यांसाठी असलेली साधी हॉटेलं मिळतात. सकाळी सहाच्या आत इडली-पोंगल खाऊन निघा, कारण स्क्रुटिनीची रांग लवकर लागते. आरसे काढायला, दिव्यांवर टेप लावायला आणि साखळीचा ताण बघायला आदली संध्याकाळच बरी.

डबी एकट्याने घ्यायची गरज नाही. ट्रॅक डेला वेगवेगळे गट आळीपाळीने जातात, तेव्हा तिघांनी वेगवेगळ्या गटांत नाव दिलं तर एकच डबी दिवसभर फिरते. प्रत्येक गाडीवर ड्युअल लॉकचा एक तुकडा कायमचा चिकटवून ठेवायचा आणि अ‍ॅपमध्ये सेशनला लगेच नाव द्यायचं, नाहीतर रात्री कुणाचा लॅप कुणाचा यावर भांडणं होतात. पहिल्यांदाच जाणार असाल तर तीही नको. ते पैसे चांगल्या सूटला, टायरला आणि ताज्या ब्रेक ऑइलला घाला, सीटखाली फोन टाका. तुमचे सलग पाच लॅप एका सेकंदाच्या आत यायला लागले की मग डबीचं बघा. त्याआधी आलेखात नुसता गोंधळच दिसतो.