तुम्ही विचारलंत म्हणून: रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, घ्यावा का?

भोसरीत टायरच्या कामात एकवीस वर्षं झाली, आणि लग्नाच्या पंगतीत सुद्धा कोणीतरी विचारतंच, की हायवेवर रबराचे लांब पट्टे पडलेले असतात ते तुमच्या रिमोल्ड टायरचेच ना, मग असला टायर घ्यायचाच कशाला?

पट्टे नव्या टायरचेही असतात हो. हवा कमी आणि वर ओव्हरलोड, की टायर चालताना सारखा दबतो, आतून तापतो आणि रबर सुटतं, मग तो नवा असो नाहीतर रिमोल्ड. काम कच्चं केलं असेल तरी सुटतं, हे मी नाकारत नाही.

ट्रकचा टायर गुळगुळीत झाला म्हणजे वरचा थर गेला, खालचं केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, बरेचदा ठणठणीत असतं, आणि खरी किंमत त्याचीच असते. विमानाचे टायर सुद्धा असेच पुन्हा पुन्हा रिट्रेड होतात, म्हणजे त्यांच्यावरही नवा थर चढतो, हे सांगितलं की लोक गप्प होतात.

आमच्या लहानपणी कसब्यात कल्हईवाला यायचा, तो भट्टी पेटवायच्या आधी पातेलं उजेडाकडे धरून भोक आहे का बघायचा, मगच नवसागर आणि कथील. मीही तेच करतो. टायर स्प्रेडरवर फाकवायचा, आत लाइट टाकायचा आणि हाताने सावकाश चाचपत जायचं, कारण बारीक फुगवटा डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. तो लागला तर तिथेच थांबायचं. नसेल तर बफिंग, म्हणजे जुना थर घासून काढणं, खिळ्यांची भोकं भरणं, चिकटायला कुशन गमचा पातळ थर, त्यावर नक्षीचा तयार पट्टा, आणि मग बंद तापत्या चेंबरमध्ये १०० डिग्रीच्या आसपास काही तास. एवढं करूनही पुढच्या चाकांना लावू नका असंच मी सांगतो.

मागच्या आठवड्यात मार्केटयार्डच्या एका ट्रकवाल्याने चार टायर आणले. दोनच्या बाजूला काप गेलेला, आतल्या तारा दिसत होत्या. नाही म्हटलं. तो चिडला, शेठ पैसे देतोय ना, चढवा की. ते परत दिले असते तर त्याने दुसरीकडून रबर चढवून घेतलं असतं हे मला माहीत होतं, म्हणून भंगाराच्या भावापेक्षा जरा जास्तच देऊन मी ते ठेवून घेतले आणि त्याच्यासमोरच दोन्ही कापले.