बोटीच्या लाल-हिरव्या दिव्यांच्या काचा परत चमकवताना

बामणोलीला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बोटी चालवणाऱ्या मित्राच्या बोटीचे दिवे बघितले तर काचा पार पांढुरक्या झालेल्या, हिरवा कुठला नि पांढरा कुठला लांबून कळेना. काच म्हणतो आपण पण असतं ते प्लॅस्टिकच, बहुतेक पॉलिकार्बोनेट नाहीतर अॅक्रिलिक, आणि उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटनी वरचा थर खराब होतो. आत बल्ब नवा टाकून काय उपयोग?

आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही बरं का. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, दोन्ही 112.5 अंशांच्या कोनात, मागचा पांढरा 135 अंशांच्या कोनात दिसला पाहिजे, त्यावरनंच समोरच्याला कळतं बोट कुठं तोंड करून चाललीय.

आधी साबणपाण्यानी धुवा. मग 1000 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा बारीक पॉलिश पेपर), पाणी मारत मारत, हलक्या हातानी, आधी दुधासारखं पाणी निघतं, काच आणखीनच धुरकट दिसते, घाबरू नका. पुढं 1500, 2000, मग रबिंग कंपाऊंड (चमक आणायची पेस्ट) आणि मऊ फडकं. थिनर, पेट्रोल अजिबात नको, अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. शेवटी यूव्हीवाला, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट अडवणारा, पारदर्शक क्लिअर कोट मारायलाच पाहिजे, कारण कंपनीचा थर आपण घासून काढलेला असतो, नाहीतर परत पिवळी पडणार. आणि हो, गॅसकेट, म्हणजे लेन्सच्या कडेचं सील, बघा, आत पाणी जाऊ देऊ नका.

लाल रंगच उडून गुलाबी झाला असेल तर मात्र घासत बसू नका, सरळ नवीन लेन्स घ्या.